मूळ गाडी कुठल्या तारखेची?

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या हिरवळीवर जुन्या मोटारींच्या दुनियेतला सर्वांत मोठा मान एका अशा गाडीला मिळाला, जिला आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याने पाहताक्षणी ‘आधी डेंटिंग-पेंटिंगला टाका’ असं सांगितलं असतं. बुगाटीची १९३४ ची टाइप ५९ स्पोर्ट्स. काळा रंग जागोजागी विटलेला, उडालेला. डोळे दिपावेत अशी चकाकी कुठेच नाही. ही स्पर्धा १९५० पासून भरते. आरशासारख्या चमकणाऱ्या, एकेक स्क्रू नव्याने घासूनपुसून बसवलेल्या गाड्या तिथे वर्षानुवर्षं बाजी मारत आल्या. आहे त्या अवस्थेत जपलेल्या गाड्यांच्या विभागातली गाडी अव्वल ठरली ती या खेपेला, पहिल्यांदाच.

‘गाडीला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांचा हा विजय मानला गेला. पण या काळ्या बुगाटीची कुळकथा पाहिली की हसू येतं. तिचा जन्म झाला ग्राँ प्री शर्यतीसाठी. १९३४ ची बेल्जियन ग्राँ प्री रने द्रेफ्यूस यांनी याच गाडीतून जिंकली. शर्यतीतली तिची सद्दी संपल्यावर खुद्द कारखान्याने तिच्यात फेरफार केले, चाकांवर मडगार्ड चढवले आणि तिला रस्त्यावरची स्पोर्ट्स गाडी बनवलं. १९३८ मध्ये ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि त्यांच्या पसंतीने काळी झाली. म्हणजे पुढे इतकी वर्षं निगुतीने जपलं गेलं, ते एक मॉडिफिकेशनच! जन्माच्या वेळचं रूप हवं असेल, तर हा काळा रंग खरवडायला हवा आणि मडगार्ड उतरवायला हवेत. तसं कुणी केलं असतं, तर बक्षीस राहिलं बाजूला, त्याला जगभरच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या.

जुनी स्पोर्ट्स गाडी कंपनीने दिली तशीच ठेवायची, की तिच्यात आपल्या सोयीचे आणि आवडीचे बदल करायचे, हा वाद जिथे चार गाडीवेडे जमतात तिथे रंगतो आणि बहुतेक वेळा आवाज चढून संपतो. त्याचं एक कारण असं, की दोन्ही बाजू ‘ओरिजिनल’ हा शब्द वापरतात, पण गाडीची कुठली तारीख मनात धरून, ते सांगत नाहीत. कारखान्यातून बाहेर पडली ती सकाळ? पहिल्या मालकाने तिला शर्यतीत उतरवलं तो हंगाम? की तिला ज्यामुळे नाव मिळालं तो दिवस?

या वादात ढोबळमानाने तीन पंथ आहेत. एक जतनवाल्यांचा: रंग उडाला असेल तर उडालेला राहू द्या, कातडं फाटलं असेल तर फक्त आणखी फाटणार नाही एवढं बघा. दुसरा रिस्टोअर करणाऱ्यांचा: गाडी पूर्ण सुटी करायची, पत्रा, रंग, क्रोम, वायरिंग सगळं नवं करायचं, पण कारखान्याच्या नमुन्याबरहुकूम. तिसरा बदल करणाऱ्यांचा. त्यातही आता ‘रिस्टोमॉड’ नावाची पोटजात चांगलीच बाळसं धरून आहे: बाहेरून जुनं रूप आणि आत नवं इंजिन, नवे ब्रेक, नवा एसी.

दुसऱ्या पंथाने गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकछत्री राज्य केलं. गाडी जितकी चमकेल तितके गुण, असा हिशोब होता, आणि मग चढाओढ लागली. कारखान्यात कधीच मिळाला नव्हता इतका गुळगुळीत रंग, ज्या भागांना कंपनीने नुसता काळा हात फिरवला होता त्यांनाही क्रोम, पत्र्याच्या जोडांमधल्या फटी मोजून एकसारख्या. आपल्याकडे देवळांचं असंच होतं. काळ्या पाषाणाच्या शिखराला ऑइल पेंट फासायचा, गाभाऱ्यात टाइल्स लावायच्या आणि बाहेर जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी बसवायची. हेतू वाईट नसतो. पण दगडावरची छिन्नीची खूण गेली ती गेलीच.

मोटारींच्या बाबतीत हे ध्यानात यायला वेळ लागला. पेबल बीचने जतन केलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग सुरू केला तो २००१ मध्ये. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, याने २०१२ मध्ये तुरीनची सनद मंजूर केली. इमारती आणि स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती, तिच्याच धर्तीवर. सनदेचं सार असं: जुनं वाहन हा इतिहासाचा पुरावा आहे, शक्य तितका कमी हात लावा, लावलात तर तो ओळखू येईल असा लावा आणि त्याची नोंद ठेवा.

बाजारालाही हे पटू लागलं होतं. माजोरे सरोवराच्या स्वित्झर्लंडमधल्या भागात १९३० च्या दशकात बुडवलेली एक बुगाटी ब्रेशिया २००९ मध्ये वर काढली गेली. गंजून अर्धी विरघळलेली, एका अंगाचा पत्रा जवळपास नाहीसा. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती २,६०,५०० युरोंना गेली आणि विकत घेणाऱ्याने ती तशीच संग्रहालयात मांडली. पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतावरच्या पडव्यांमध्ये कित्येक वर्षं पडून राहिलेल्या बायों संग्रहाचा पॅरिसमध्ये लिलाव झाला. त्यात फेरारी २५० जीटी एसडब्ल्यूबी कॅलिफोर्निया स्पायडर होती. कधीकाळी अभिनेता आलँ दलाँ याच्या मालकीची ही गाडी सापडली तेव्हा तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. धूळ न झटकता ती लिलावात उभी केली गेली आणि १.६ कोटी युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. एकेकाळी अशा गाडीची धूळ पुसणं ही विक्रीची पहिली पायरी होती. आता धूळ हाच दाखला झाला. याचाही अतिरेक होतोच. खोटी धूळ उडवून ‘खळ्यात सापडलेली गाडी’ म्हणून खपवणारे महाभागही निघाले आहेत.

मात्र जतनाचा आग्रह कुठवर धरायचा, याचं उत्तर पोर्शच्या संग्रहालयाला स्वतःच शोधावं लागलं. पोर्श ९११ हे नाव पडण्याआधी ती गाडी ९०१ होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि पोर्शने शून्याच्या जागी एक घातला. त्या अल्पकाळात बनलेली ५७ क्रमांकाची एक ९०१ जर्मनीतल्या एका पडवीत सापडली, ती संग्रहालयाने २०१४ मध्ये घेतली. पुढचे दोन्ही फेंडर गायब, खालचा पत्रा गंजाने पोखरलेला. ही गाडी तशीच ठेवली असती तर काही वर्षांत जमिनीवर लाल भुगा उरला असता. तीन वर्षं काम चाललं. नवा पत्रा ठोकण्याऐवजी त्याच काळातल्या दुसऱ्या एका गाडीच्या बॉडीतून तुकडे कापून घेतले आणि ते इथे जोडले. डिसेंबर २०१७ मध्ये गाडी लोकांपुढे आली. आता ही ५७ क्रमांकाची गाडी किती टक्के ५७ क्रमांकाची? संग्रहालयाने तो प्रश्न लपवला नाही, हे महत्त्वाचं.

या सगळ्या वादाचा नमुना म्हणून एकच गाडी निवडायची झाली, तर ती ९११ च निवडावी लागेल. १९६३ पासून आजवर तिचं बाह्यरूप ओळखीचंच राहिलं आणि १९९८ पर्यंत तिचं इंजिन हवेनेच थंड होत होतं. त्यामुळे एका काळातले सुटे भाग दुसऱ्या काळातल्या गाडीवर चढवणं इथे जितकं सोपं आहे, तितकं क्वचितच दुसऱ्या गाडीत असेल. त्यातून जे झालं ते मजेशीर आहे. अमेरिकेतल्या नियमांमुळे १९७४ च्या गाड्यांना जाड बंपर आले. पुढच्या दशकात बऱ्याच मालकांना आपली नाजूक बंपरची साठच्या दशकातली गाडी जुनाट दिसू लागली. त्यांनी ते नाजूक पत्रे फेकले आणि जाड बंपर, टर्बोसारखे फुगीर फेंडर, मागे भलामोठा पंख बसवून गाडीला ‘नवी’ केलं. एकविसाव्या शतकात वारं फिरलं. सुरुवातीच्या ९११ चे भाव चढले आणि आता ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे जाड बंपर उतरवून त्यांना साठच्या दशकाचं रूप द्यायची लाट आली. ज्यांनी तेव्हा पत्रे फेकले, त्यांच्याच पुढच्या पिढीने तेच पत्रे सोन्याच्या भावाने विकत घेतले. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ चं तर काय सांगावं! अशा जेमतेम १,५८० गाड्या कारखान्यातून निघाल्या; पण मागे बदकाच्या शेपटीसारखा पंख लावून आरएसचं सोंग घेतलेल्या साध्या ९११ किती, याची गणती नाही. आणि त्या सोंगापायी किती चांगल्या, साध्या ९११ टी कायमच्या संपल्या, याचा शोक कुणी करत नाही.

या दुसऱ्या लाटेला कलेचा दर्जा दिला तो सिंगरने. रॉब डिकिन्सन हा मूळचा इंग्लंडमधल्या कॅथरिन व्हील या रॉक बँडचा गायक. त्याने २००९ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. गिऱ्हाइकाने आपली ९६४ आणायची, म्हणजे १९८९ ते १९९४ दरम्यानची ९११. तिथे ती हाडापर्यंत सुटी होते, पत्र्याच्या जागी कार्बन फायबरचं अंग येतं, इंजिन फुगवलं जातं, आतल्या विणलेल्या चामड्याला दागिन्याची कारागिरी लाभते. कामाच्या दर्जाबद्दल दुमत नाही. किंमत इतकी, की त्यात दोन-तीन नव्या पोर्श दारात येतील. सिंगरने सुरुवात केली तेव्हा ९६४ ही ९११ च्या घराण्यातली दुर्लक्षित सून होती, स्वस्तात मिळायची. आता तिचाच भाव वधारलाय आणि धड, न बदललेली ९६४ शोधायला निघालेल्या माणसाला चपला झिजवाव्या लागतात. सिंगरची गाडी सुंदर आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक सिंगरमागे एक ९६४ कमी होते, हा हिशोबही तितकाच खरा.

जपानचा अकिरा नाकाई तर कार्बन फायबरच्या नजाकतीतही पडत नाही. तो करवत घेऊन येतो, हवेच्या इंजिनाच्या ९११ चे फेंडर कापतो, त्यावर हातभर रुंद फेंडर बसवतो आणि प्रत्येक गाडीला नाव देतो. त्याचे चाहते जगभर आहेत. जतनवाल्यांना ते दृश्य बघवत नाही.

उलट जर्मनीतल्या आलोइस रूफ यांचं प्रकरण वेगळं. त्यांच्या कंपनीला १९८१ मध्ये स्वतंत्र मोटार उत्पादक म्हणून मान्यता मिळाली. १९८७ ची त्यांची पिवळी सीटीआर पोर्शकडून कोऱ्या बॉडी घेऊन बनवलेली; अशा २९ च झाल्या. तिने ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेग गाठला, तेव्हाच्या फेरारींना मागे टाकून. आज त्या सीटीआरमध्ये कुणी पोर्शचं मूळ इंजिन बसवायला निघालं, तर लोक त्याला वेड्यात काढतील. बदलही पुरेसा जुना झाला आणि मुळातच चांगला असला, की तोच मूळ होतो. ब्रिटिश एसी एस या हलक्या गाडीत १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने फोर्डचं व्ही-८ इंजिन कोंबलं, ती कोब्रा. १९६१ मध्ये जॉन कूपरने घरगुती मिनीला शर्यतीचं पाणी पाजलं, ती मिनी कूपर. दोन्ही आज ‘ओरिजिनल’ म्हणून जपल्या जातात.

‘बुलिट’ चित्रपटातली १९६८ ची फोर्ड मस्टँग याहून पुढची. स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर पळवलेल्या या गाडीच्या अंगावर चित्रीकरणासाठी केलेले बदल आणि कॅमेरा बसवण्यासाठी केलेल्या जोडण्यांच्या खुणा तशाच होत्या. तिला कुणी रंगवलं नाही, सजवलं नाही. जानेवारी २०२० मध्ये ती ३४ लाख डॉलरच्या बोलीवर विकली गेली, वर कमिशन वेगळं. कुणी प्रेमाने ती कारखान्यातल्यासारखी केली असती, तर ती आणखी एक हिरवी मस्टँग ठरली असती.

आता बदलाच्या बाजूचं एक छोटं, पण खणखणीत उदाहरण. १९७४ ते १९८३ दरम्यानच्या बहुतेक ९११ मध्ये यांत्रिक इंधन-फवारणीची व्यवस्था होती आणि तिचा हवेचा डबा प्लास्टिकचा. थंडीत गाडी सुरू करताना इंजिनाने उलटा भडका मारला, की तो डबा फुटायचा. मग इंजिन खाली उतरवा, डबा बदला. यावर उतारा निघाला तो चहाच्या बशीएवढ्या झाकणाचा. डब्याला गोल भोक पाडायचं आणि त्यात स्प्रिंगवर दाबून बसणारं झाकण चिकटवायचं. भडका आला की झाकण क्षणभर उचललं जातं, दाब निघून जातो, झाकण परत बसतं. हा बदल कारखान्याचा नाही. कायमचा आहे, कारण डब्याला भोक पडतं. तरी अत्यंत कर्मठ ९११ वाल्याच्याही गाडीत तो सापडतो आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही. तसंच टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं. १९८४ च्या कॅरेरा ३.२ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले आणि आधीच्या हजारो गाड्यांमध्ये ते मागाहून बसवले गेले. जुना टेन्शनर दगा देतो तेव्हा चेन सुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. अशा बदलाला विरोध करणं म्हणजे आजोबांनी चष्मा लावला म्हणून ते आजोबा राहिले नाहीत, असं म्हणण्यासारखं आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला पश्चात्तापाची यादी आहे. १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रेच्या मागच्या काचेच्या मधोमध एक कणा होता, काच दोन भागांत. मागचं दिसत नाही, ही तक्रार तेव्हाही होती. पुढच्याच वर्षी कंपनीने सलग काच दिली. त्यावर काही मालकांनी आपल्या १९६३ च्या गाडीचा कणा कापून काढला आणि १९६४ ची काच बसवली, गाडी अद्ययावत दिसावी म्हणून. आज सगळ्यांना हवी आहे ती नेमकी कण्याचीच गाडी. फेरारी डेटोनाचंही तेच. कारखान्याने उघड्या छपराच्या स्पायडर १२० च्या आसपास बनवल्या. त्यांचा भाव चढताच बंद कूपेची छपरं कापण्याचा धंदा सुरू झाला. कापलेल्या गाडीला खऱ्या स्पायडरचा भाव येत नाही आणि कापलेलं छप्पर परत चढवणं म्हणजे सोन्याहून घडणावळ महाग.

पैसा आला की खोटेपणा आलाच. ‘मॅचिंग नंबर’ हा जुन्या गाडीच्या जाहिरातीतला परवलीचा शब्द: चासी आणि इंजिन कारखान्यातून एकत्रच निघाले, याची खूण. शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनावर आकडे ठोकायची एक सपाट जागा असते, दोन बोटांएवढी. कारखान्यात ब्लॉक तासला गेला तेव्हा पात्याच्या बारीक समांतर रेषा त्या जागेवर उमटलेल्या असतात. जाणकार गिऱ्हाईक गाडीचा रंग बघत नाही. तो चिंधीने ती जागा पुसतो, टॉर्च तिरका धरतो आणि आकड्यांखाली त्या रेषा आहेत का ते पाहतो. रेषा नसतील, तर कुणीतरी जुने आकडे घासून नवे ठोकले आहेत. गंमत अशी, की बदललेलं इंजिन उघडपणे ‘बदललेलं’ म्हणून सांगितलं, तर गाडीची किंमत थोडी उतरते; लपवून आकडे ठोकले आणि पकडले गेले, तर गाडीचं नावच जातं.

आकड्यांनीही न सुटलेला प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेला. बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची विजेती. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उलटली, चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. मग ती नव्या अंगाने पुन्हा उभी राहिली. अनेक वर्षांनी १ कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि खरेदीदाराने हात आखडता घेतला: ही ती गाडी नव्हेच, त्यातलं जुनं काही उरलेलंच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी तिचे भाग एकेक करून तपासले. १९२९ मध्ये जिंकलेल्या गाडीचं, ज्याची तारीख लावता येईल असं, त्यात काही नव्हतंच. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. ती ‘ओरिजिनल’ नाही, पण अस्सल आहे. कारण एकाच गाडीचा इतिहास मधे खंड न पडता चालत आला, भाग बदलत गेले तरी तिच्या जागी दुसरी गाडी कधी उभी राहिली नाही. हा निकाल या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा दस्तऐवज आहे. फेरारी २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या. त्यातली २०१८ मध्ये ४.८४ कोटी डॉलरना विकली गेलेली गाडीही १९६४ मध्ये नवं अंग चढवलेली होती. कुणी तिला डुप्लिकेट म्हटलं नाही.

कंपन्या मात्र सोयीप्रमाणे दोन्हीकडून बोलतात. जॅग्वारने १९६३-६४ मध्ये १८ लाइटवेट ई-टाइप योजल्या होत्या, बनल्या १२. उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या कंपनीने २०१४ पासून बनवल्या. पन्नास वर्षांनी बनलेली गाडी मूळ की नक्कल? त्याच जॅग्वारने २०१७ मध्ये विजेवर चालणारी ई-टाइप दाखवली. पुढच्या मे महिन्यात ब्रिटनचे राजपुत्र हॅरी लग्नानंतर तिच्यातून निघाले आणि जगभर तिची छायाचित्रं गेली. मोटर आणि बॅटरी जुन्या इंजिनाच्याच मापात आणि वजनात बसवली आहे, हवं तर जुनं इंजिन परत बसवता येईल, असं कंपनीचं म्हणणं. फिवाची भूमिका सरळ: विजेवर चालवायची तर चालवा, पण मग तिला ऐतिहासिक वाहन म्हणू नका, आणि काढलेले भाग जपून ठेवा.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटू शकेल. पण आपल्याकडे बदल हा छंद नव्हता, नाइलाज होता. आयातीवर निर्बंध, सुटे भाग दुर्मीळ. मग परदेशी गाडीत इथे जे मिळेल ते बसलं. कुर्ल्याच्या कबाड्यांकडून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून आणलेला डायनॅमो, फियाटचा कार्ब्युरेटर, कधी मॅटाडोरचं डिझेल इंजिन. त्यातला एक बदल तर घराण्यातलाच होता. एमजीए या देखण्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं आणि आपल्या अॅम्बॅसडरचं १,४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या एकाच ‘बी सिरीज’चं. त्यामुळे भारतातल्या एखाद्या एमजीमध्ये अॅम्बॅसडरचे भाग सापडले, तर नाक मुरडण्याआधी ही सोयरीक आठवावी. त्या मिस्त्रींनी गाड्या जिवंत ठेवल्या म्हणून आज वाद घालायला त्या उरल्या आहेत.

कायद्याचं मत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्याची वाट कायद्यात आहे. विजेच्या संचांची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी विंटेज. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठीच. हेतू चांगला आहे. पण सत्तरच्या दशकात नाइलाजाने इंजिन बदललेल्या गाडीचं काय, याचं उत्तर त्या शब्दांत सहज मिळत नाही. पेबल बीचची काळी बुगाटी उद्या मुंबईच्या आरटीओत आली, तर तिथला कारकून फाइल परत करील, ही शक्यता अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आणि काही बदल आता पेट्रोल पंपच करायला लावतो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, तेव्हा बीडाच्या हेडच्या जुन्या ब्रिटिश इंजिनांना कठीण व्हॉल्व्ह सीट बसवावे लागले. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली, की टाकीच्या तळाशी गंज धरतो. जुनी रबरी नळी त्यात फुगते, मऊ पडते आणि एके दिवशी गरम इंजिनावर ठिबकू लागते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हे आणखी लवकर होतं. १९६५ ची ओरिजिनल नळी आहे, अशी फुशारकी मारणाऱ्या मालकाने गाडीत आग विझवण्याचं नळकांडंही ठेवावं.

मग निवाडा काय? ज्या गाड्या मोजक्याच बनल्या आणि न बिघडता उरल्या, त्यांना हात लावू नये; हा हट्ट योग्य आहे. ज्या हजारोंनी बनल्या आणि ज्यांचं आतलं आधीच गेलेलं आहे, त्या मालकाने खुशाल आपल्या मनासारख्या कराव्यात. ब्रेक, नळ्या, सीटबेल्ट, इग्निशन यांत तडजोड नको. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक शाही दसऱ्याला आजही दसरा चौकात येते, ती काचेआड ठेवलेली नाही म्हणूनच लोकांची आहे; चालती ठेवायची तर तिच्यात काही ना काही बदलावं लागणारच. बोल्टने लावलेलं काढता येतं, करवतीने कापलेलं परत येत नाही, एवढा फरक मिस्त्रीने आणि मालकाने कामाआधी मिळून पाहावा.

आणि ज्यांच्या पडवीत अशी गाडी आहे, त्यांना एक विनंती. काढलेला कार्ब्युरेटर, जुनं स्टिअरिंग, तडकलेली काचसुद्धा भंगारवाल्याला देऊ नका. तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा, वर चिठ्ठी लावा: कुठल्या गाडीचं, कधी काढलं, का काढलं. काम करताना फोटो काढा, वहीत लिहा. गाडी विकाल तेव्हा ते खोकं आणि ती वही गाडीबरोबरच द्या, त्याचे वेगळे पैसे मागू नका.